२३ सप्टेंबर, फीचे पैसे आणि देवाचं राज्य

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर खिडकीची सीट मिळालेली असू दे, कारण आजचा भाग जरा लांब आहे.

सुरुवात एका फोनपासून करतो. सप्टेंबर २०२५. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, त्या महिन्यात एक तारीख मोबाईलवर फिरत होती. २३ किंवा २४ सप्टेंबरला प्रभू येशू येणार आणि विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार. रॅप्चर, रॅप्चर म्हणतात ते हेच. दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाच्या व्हिडिओवरून ते सुरू झालं आणि बघता बघता जगभर पसरलं. कोणी टर उडवत होतं, कोणी गाडी विकल्याचं सांगत होतं. आपल्याकडे ते रील्स आणि व्हॉट्सॲपच्या वाटेने आलं. लाल अक्षरं, मागे घाबरवणारं संगीत, आणि शेवटी "दहा जणांना पाठवा".

त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला माझ्या मामेभावाचा नगरहून फोन आला. वय १९, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला.

"दादा, एक विचारू? हसू नको."

"विचार की."

"पंचवीस तारखेला फीचा हप्ता भरायचाय. भरू का नको?"

मला आधी कळलंच नाही. पंचवीसला काय अडचण? मग तारखेचा मेळ लागला, आणि मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. पलीकडे शांतता. "ठीके दादा," म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामीशी बोललो तेव्हा बाकीचं समजलं. मामी शिवणकाम करते. तिला भिशी लागली होती, त्यातले १८ हजार फीसाठी कपाटात ठेवलेले. हा मुलगा जे चॅनेल बघायचा, त्याच्या प्रत्येक व्हिडिओखाली एक क्यूआर कोड होता. वेळ थोडा आहे, प्रभूच्या कामात बीज पेरा, असं तिथे सांगायचे. आणि हा आईला म्हणाला होता, जग संपणारच आहे तर पैसे तिकडेच का देऊ नयेत?

मी लगेच त्याला फोन केला. या वेळी हसलो नाही. "फी भर," म्हटलं, "रविवारी मी येतोच." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, मला पैशाचं काही नाही रे. पप्पा भेटतील ना तेव्हा?"

मामा २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गेला. हा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तोंडसुद्धा नीट बघायला मिळालं नाही.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणापासून दर रविवारी उपासनेत, प्रभूच्या प्रार्थनेत, देवाचं राज्य येवो असं म्हणतोय. पण म्हणजे नक्की काय येवो? कधी? कुठे? मी पाळक नाही, देवज्ञानाची पदवीही नाही. पण त्या फोननंतर काही महिने जमेल तसं वाचलं. जे सापडलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो. तुम्ही ख्रिस्ती असाल, नसाल, ऐकायला हरकत नाही. या एका अपेक्षेने जगाचा इतिहास बराच हलवलाय. आपल्या महाराष्ट्राचासुद्धा.

मुळात भाकीत काय आहे?

बायबलचा जो भाग ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, तो मूळचा यहुदी लोकांचा पवित्र ग्रंथ. त्यात संदेष्ट्यांची पुस्तकं आहेत आणि त्यांत एक आशा पुन्हा पुन्हा येते. दावीद राजाच्या घराण्यात एक अभिषिक्त राजा येईल. अभिषिक्त म्हणजे ज्याच्या डोक्यावर तेल ओतून राजा म्हणून नेमलाय तो. त्यालाच हिब्रूत मशीहा म्हणतात आणि ग्रीकमध्ये ख्रिस्त. म्हणजे ख्रिस्त हे आडनाव नाही, पदवी आहे.

तो आला की काय होईल? यशया सांगतो, गरिबांना न्याय मिळेल, लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील. यशया आणि मीखा दोघंही सांगतात की लोक तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील. जखऱ्या सांगतो की राजा गाढवावर बसून येईल. आणि दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायात ते प्रसिद्ध स्वप्न आहे. बाबेलच्या राजाला एक मोठा पुतळा दिसतो. डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे, पावलं लोखंड आणि मातीची. मग कोणाचाही हात न लागता एक दगड सुटतो, पुतळ्याचा भुगा होतो आणि त्या दगडाचा डोंगर होऊन तो सगळी पृथ्वी व्यापतो. साम्राज्यं एकामागून एक येतील आणि जातील, शेवटी देवाचं राज्य येईल ते मात्र टिकेल, असा दानीएल अर्थ लावतो.

आता वादाचा मुद्दा. येशू आला, पण युद्धं थांबली का? लांडगा कोकराशेजारी बसला का? नाही. म्हणून यहुदी लोक म्हणतात की मशीहा अजून यायचाय. आणि हे काही आपल्यापासून लांबचं नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना जुने लोक शनवार तेली म्हणायचे, मराठी बोलणारे यहुदी, ते मलिद्याच्या विधीत एलीया संदेष्ट्याची आठवण करतात. मशीहाच्या आधी एलीया येईल ही यहुदी परंपरेतली जुनी आशा. अलिबागजवळ खंडाळ्याला एलीयाच्या नावाने मानलेली जागा आहे. म्हणजे हीच वाट बघणं आपल्या मातीत मराठीतून चालू आहे.

ख्रिस्ती लोकांचं उत्तर असं: मशीहा दोनदा येतो. पहिल्यांदा सेवक म्हणून, दुसऱ्यांदा राजा म्हणून. लूकच्या शुभवर्तमानात एक बारीक गोष्ट आहे, मला ती फार आवडते. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचं पुस्तक उघडून वाचतो. गरिबांना आनंदाची बातमी, कैद्यांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी. आणि मध्येच थांबून पुस्तक गुंडाळून ठेवतो. यशयामध्ये त्याच्या लगेच पुढे देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख आहे. तिथपर्यंत तो जातच नाही. जेवढं वाचलं तेवढं आज पूर्ण झालं म्हणतो. अनेक ख्रिस्ती वाचकांना त्या थांबण्यातच दोन येण्यांमधलं अंतर दिसतं. आणि त्या अंतरात आपण राहतो.

हजार वर्षांचं भांडण

आता नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकाकडे जाऊ. प्रकटीकरण, अध्याय २०. ख्रिस्त आणि त्याचे लोक हजार वर्षं राज्य करतील, असं तिथे येतं. अवघ्या सहा ओळींमध्ये हजार वर्षं हा शब्द सहा वेळा येतो, आणि एवढ्याशा मजकुरावर दोन हजार वर्षं वाद चाललाय.

पहिलं वाचन अगदी सरळ. येशू परत येईल आणि मग पृथ्वीवर खरोखर हजार वर्षं राज्य करेल. दुसऱ्या शतकातले आयरेनियससारखे मंडळीचे मोठे शिक्षक असंच मानायचे. तेव्हा रोमी राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ होत होता. ज्यांना सिंहापुढे टाकलं जात होतं, त्यांना याच पृथ्वीवर न्याय हवा होता. त्यात नवल काय?

दुसरं वाचन संत ऑगस्टीनचं. इसवी सन ४१० मध्ये रोम शहर लुटलं गेलं. लोक हादरले, जग संपलं म्हणाले. त्यानंतर ऑगस्टीनने 'देवाचं नगर' हा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याच्या विसाव्या भागात तो सांगतो की मीसुद्धा आधी हजार वर्षं शब्दशः मानत होतो, आता नाही. ही हजार वर्षं म्हणजे मंडळीचा हा चालू काळ. ख्रिस्त आत्ताच राज्य करतोय, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. कॅथलिक मंडळी आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या साधारण याच वाटेने जातात.

तिसरं वाचन आपल्या कामाचं आहे, कारण ते बोटीत बसून मुंबईला आलं. अठराव्या शतकात अमेरिकेत जोनाथन एडवर्ड्स आणि त्याचे शिष्य म्हणू लागले की सुवार्ता सगळ्या जगात पोचेल, गुलामी, युद्धं, अन्याय हळूहळू मावळतील, हजार वर्षांचा सुवर्णकाळ येईल आणि त्यानंतर येशू परत येईल. यातली मेख लक्षात आली का? राज्य येण्यात माणसाच्या हाताला काम आहे. वाट बघत बसायचं नाही, निघायचं.

आणि ते निघाले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, परत पाठवायचीच तयारी होती. पण ते टिकले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. पुढे १८३१ पासून त्याचं काम नगरला सुरू झालं. गॉर्डन हॉलने एका सोबत्याबरोबर एक पुस्तिका लिहिली, जगाला किती मिशनरी लागतील याचा हिशेबच मांडला. स्वतः मात्र मार्च १८२६ मध्ये नाशिककडून परतताना पटकीने गेला. त्याच वर्षी त्या मिशनचा मराठी नवा करार छापून झाला.

माझ्या घरातलं ख्रिस्तीपण याच नगरच्या मिशनमधून आलेलं. म्हणजे प्रकटीकरणातल्या सहा ओळींचं कोणीतरी अमेरिकेत एका विशिष्ट प्रकारे वाचन केलं, म्हणून मी आज तुमच्याशी हे बोलतोय. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी दोन मिनिटं पुस्तक बंद करून बसलो होतो.

कॅल्क्युलेटर काढा

आता तारखांकडे येऊ. माझा भाऊ ज्यात अडकला त्याचा सगळ्यात मोठा नमुना १८४४ चा आहे.

विल्यम मिलर. न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, बॅप्टिस्ट, युद्धात लढून आलेला. भोंदू अजिबात नव्हता. वर्षानुवर्षं बायबल एकेक ओळ करून वाचत बसला. दानीएल अध्याय ८ मध्ये त्याला एक आकडा सापडला, २३०० संध्याकाळ-सकाळ, त्यानंतर पवित्रस्थान शुद्ध होईल. त्याने धरलं की भाकितातला एक दिवस म्हणजे एक वर्ष, आणि पवित्रस्थान शुद्ध होणं म्हणजे येशूचं परत येणं. सुरुवात कुठून मोजायची? पारसाचा राजा अर्तहशश्त याने यरुशलेमबाबत काढलेल्या हुकुमापासून, इसवी सनपूर्व ४५७. आता मोबाईल काढा. २३०० वजा ४५७. किती आले? १८४३.

गणित बरोबर आहे! तीच तर गंमत आहे. पुढे लक्षात आलं की इसवी सनात शून्य नावाचं वर्षच नाही, म्हणून एक वर्ष वाढवायचं. मग एका अनुयायाने यहुदी प्रायश्चित्ताच्या सणावरून नेमका दिवस काढला, २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोकांनी विश्वास ठेवला. स्वस्त छापील पत्रकं आणि वर्तमानपत्रं ही त्या काळची रील्स. काहींनी दुकानं बंद केली, काहींनी शेतातले बटाटे काढलेच नाहीत. कशाला काढायचे?

रात्र सरली, २३ तारीख उजाडली. काहीच झालं नाही. इतिहासात याला 'महान निराशा' असं नाव आहे. लोक पहाटेपर्यंत रडले. शेजारीपाजारी दुसऱ्या दिवशी विचारत होते, अजून इथेच? गेला नाहीत वर? मिलर पाच वर्षांनी गेला, वाट बघतच. आपली मोजणी चुकली हे त्याने मोकळेपणाने कबूल केलं होतं.

हसू येतं का? मला आलं असतं, आधी. पण मी एकदा हसून बसलोय.

चूक नेमकी कुठे झाली ते बघा. बेरीज-वजाबाकीत नाही. चूक तीन गृहीतकांत होती: दिवस म्हणजे वर्ष, सुरुवात ४५७, आणि पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी. यातलं एकही त्या अध्यायात लिहिलेलं नाही. बरेच अभ्यासक म्हणतात की दानीएलचा आठवा अध्याय अँटिओकस चौथा या ग्रीक राजाबद्दल आहे. त्याने यरुशलेमचं मंदिर विटाळलं आणि इसवी सनपूर्व १६४ च्या सुमारास ते पुन्हा शुद्ध झालं. यहुदी लोकांचा हनुक्का सण त्याचाच. म्हणजे अत्याचाराखाली भरडलेल्या लोकांना दिलेला धीर होता तो: हेही संपेल, दिवस मोजलेले आहेत. आपण त्या धीराचं कॅलेंडर केलं.

त्या निराशेतून काही लोक अर्थ नव्याने लावत राहिले आणि त्यांच्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्यात औंधकडे जाताना स्पायसर विद्यापीठ लागतं ना, ते याच मंडळीचं. येशू लवकर येणार हे ते आजही मानतात, पण मंडळी म्हणून तारीख ठरवत नाहीत. पोळल्यावर शहाणपण येतं, सगळ्यांना मात्र येत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे ही तारीख दिली, मोठमोठे फलक लागले. मे गेला, मग ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. पुढच्या वर्षी त्याने चूक मान्य केली.

आणि निराशेपेक्षा भयंकर काय असू शकतं तेही सांगतो. १५३४ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात काही लोकांनी ठरवलं की देवाचं राज्य इथेच, आत्ता, आपल्या हाताने आणायचं. शहर ताब्यात घेतलं, त्यांच्यातला एक जण राजा झाला, विरोध करणाऱ्यांची मुंडकी उडाली. वेढा पडला, लोक उपाशी मेले, १५३५ मध्ये शहर पडलं. पुढाऱ्यांची प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. पिंजरे आजही तिथेच आहेत. ज्या राज्यात तलवारींचे फाळ व्हायचे होते, ते तलवारीने आणायला गेलं की असं होतं.

रॅप्चर आलं कुठून?

माझ्या भावाच्या मोबाईलवर जे आलं, ते या तिन्हींपेक्षा नवं आहे. १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या आयरिश पाळकाने एक वेगळी मांडणी केली. येशू परत येईल तो दोन टप्प्यांत. आधी विश्वासणाऱ्यांना अचानक वर नेईल, मागे राहिलेल्यांवर मोठं संकट येईल, मग तो राज्य स्थापायला उघडपणे येईल. १९०९ मध्ये स्कोफिल्ड यांच्या टिपांसह छापलेलं बायबल आलं आणि ही मांडणी घरोघर गेली. पान एकच, वर वचन, खाली टीप. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच पवित्र वाटायला लागली. पुढे कादंबऱ्या, सिनेमे आणि आता रील्स.

ही मांडणी मनापासून मानणारे चांगले, प्रामाणिक लोक मी ओळखतो, आपल्या मंडळीतही आहेत. त्यांची टिंगल मला करायची नाही. एवढंच सांगायचंय की ख्रिस्ती धर्म म्हणजे फक्त हेच, असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. ही चार वाटांपैकी एक आहे, आणि चौघींत वयाने सगळ्यात लहान.

त्या मांडणीचा मुख्य आधार म्हणजे पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय ४. माझ्या भावाने मला त्याचाच स्क्रीनशॉट पाठवला होता. मी ते पत्र शांतपणे, सुरुवातीपासून वाचलं. आणि चकित झालो.

साधारण इसवी सन ५० ची गोष्ट. थेस्सलनीका शहरात नवीन मंडळी झाली होती. येशू आपल्या हयातीत येणार असं त्यांना वाटत होतं. पण मधल्या काळात त्यांच्यातली काही माणसं मेली. मागे राहिलेले रडत होते: आमचा माणूस आधीच गेला, त्याचं काय? राज्य येईल तेव्हा तो नसेलच का? पौल त्यांना लिहितो की मेलेले मागे राहणार नाहीत, उलट तेच आधी उठतील, मग आपण सगळे एकत्र प्रभूला भेटू. आणि शेवटी सांगतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा.

सांत्वन! तो अध्याय घाबरवायला लिहिलाच नव्हता. तो पोराचा बाप गेलाय अशा घरासाठी लिहिला होता. ज्या ओळींनी माझ्या भावाची झोप उडवली, त्या त्याच्यासारख्यांना झोप यावी म्हणून लिहिलेल्या.

अजून एक. तिथे प्रभूला भेटायला जाणं यासाठी जो ग्रीक शब्द आहे, तो त्या काळी राजा किंवा मोठा पाहुणा नगरात येताना लोक बाहेर जाऊन त्याला घेऊन यायचे, त्यासाठी वापरत. प्रेषितांच्या कृत्यांत रोमचे बंधू पौलाला सामोरे जातात तिथेही तोच शब्द. आपल्याकडे पाहुण्याला वेशीपर्यंत सामोरं जातात ना, तसं. आणि सामोरं गेलेला माणूस पाहुण्याला घेऊन कुठे जातो? परत गावातच. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हे पृथ्वी सोडून पळणं नाही, राजाला घेऊन इथे येणं आहे. मला हे वाचन पटतं. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

झालंय आणि व्हायचंय

मग मी कुठे उभा आहे? विसाव्या शतकात ऑस्कर कुलमान या अभ्यासकाने एक उदाहरण दिलं. दुसऱ्या महायुद्धात जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं आणि युद्धाचा निकाल जवळपास लागला. पण युरोपात युद्ध संपलं ते मे १९४५ मध्ये. मधले अकरा महिने लढाई होतीच, माणसं मरत होतीच. कुलमान म्हणतो, देवाचं राज्य असं आहे. येशूच्या येण्यात निकाल लागलाय, शेवट व्हायचाय. सुरू झालंय, पूर्ण झालेलं नाही. आज बरेच ख्रिस्ती अभ्यासक, वेगवेगळ्या पंथांचे, या सूत्राजवळ येतात.

येशूचे स्वतःचे दाखलेही तसेच आहेत. पिठात मिसळलेलं खमीर, जमिनीत पडलेला मोहरीचा दाणा. आवाज नाही, तारीख नाही, पण काम चालू. शिष्यांनी शेवटी त्याला सरळ विचारलंच होतं, राज्य आता देणार का? तो म्हणाला, काळवेळ जाणणं तुमच्याकडे नाही, आणि त्यांना कामाला लावलं.

मराठी माणसाने यावर काय केलं, तेही सांगतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपले कवी. नगरच्या त्याच मिशनमध्ये कितीतरी वर्षं काम केलं आणि १९१७ मध्ये मिशन सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत अशी कल्पना. दोन वर्षांत ते गेले, काम अपुरं राहिलं. पण नाव बघा. राज्य म्हटलं की आपल्याला सीमा आणि सैन्य आठवतं, दरबार म्हटलं की फिर्याद घेऊन कोणीही आत जाऊ शकतो असं काहीतरी. तीही एक व्याख्याच आहे, मराठीतली.

आणि केडगावच्या पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या, त्यांना खाऊ घातलं, शिकवलं, हाताला काम दिलं. सगळं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं, त्याची प्रुफं आयुष्याच्या अगदी शेवटापर्यंत तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. गरिबांना आनंदाची बातमी म्हणजे काय, हे शोधायला त्यांना कॅल्क्युलेटर लागला नाही.

तर, पुढचा फॉरवर्ड आला की

येणारच आहे. तेव्हा तीन गोष्टी करा. एक, जे वचन दिलंय ते अख्ख्या अध्यायासकट वाचा आणि ते कोणासाठी लिहिलं होतं ते बघा. दोन, गणित दिलं असेल तर विचारा की सुरुवातीचं वर्ष आणि एककं कोणी ठरवली. तीन, तारखेखाली क्यूआर कोड असेल तर तिथेच थांबा. जग परवा संपणार असेल तर त्यांना पैसे कशाला हवेत?

आणि चौथी गोष्ट माझ्यासाठी. समोरचा विचारत असेल तर हसू नका. तो तारखेबद्दल विचारत नसतो बऱ्याचदा.

२४ सप्टेंबरला दुपारी मला व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. फी भरल्याची पावती, १८ हजार. खाली काहीही लिहिलेलं नव्हतं. मीही काही लिहिलं नाही, नुसता अंगठा पाठवला. ठरल्याप्रमाणे रविवारी गेलो, मामीच्या हातचं जेवलो, विषय काढला नाही.

यंदा ईस्टर ५ एप्रिलला आला. आमच्याकडे ईस्टरला पहाटे दफनभूमीत उपासना असते. अंधारात जायचं, मेणबत्त्या लावायच्या आणि सूर्य उगवताना गायचं. मामाच्या कबरेपाशी आम्ही दोघं उभे होतो. त्याला मी थेस्सलनीकाचं सांगितलं. मेलेली माणसं, मागे राहिलेल्यांचं रडणं, पौलाचं पत्र. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे ते लोकपण असंच विचारत होते?"

"हो," म्हटलं. "सगळ्यात आधी हेच विचारलं त्यांनी."

त्याने वाऱ्याने विझलेली मेणबत्ती परत पेटवली. आठ वाजता त्याची वॉर्डातली ड्युटी होती, म्हणून आम्ही लवकर निघालो.

आज इथेच थांबतो. तुमच्याकडे असा फॉरवर्ड आला असेल, तुम्ही घाबरला असाल किंवा माझ्यासारखे हसला असाल, तर मेसेज करून सांगा. नाव न घेता पुढच्या भागात बोलू. काळजी घ्या, आणि फी वेळेवर भरा. जय ख्रिस्त.